आधी चोपड्या मोजा : मुंबई, ठाणे आणि कोकणातल्या सिनेगॉगांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मुकादम, चौगुले, गबाय आणि विश्वस्त मंडळी,
बेने इस्राएल सिनेगॉग आणि प्रार्थनालये,
मुंबई, ठाणे आणि रायगड

सविनय शालोम.

आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या सिनेगॉगमधलं (प्रार्थनामंदिरातलं) जुनं कपाट उघडा आणि त्यात किती वह्या आहेत ते लिहून काढा, एवढी एक विनंती करायला हे पत्र आहे. सेफर तोरा (धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी), चांदीचे रिमोनीम (तिच्या टोकांवरचे अलंकार), हंड्या-झुंबरं यांची मोजदाद होते, कारण ती चोरीला जाण्याची धास्ती असते. मिला (सुंता), लग्न आणि मयताच्या नोंदवह्या, सभांची इतिवृत्तं, रोजकीर्द, खतावणी, वर्गणीची पुस्तकं यांना चोर नाही, म्हणून त्यांची यादीही नाही. त्यांना कसर लागते, वाळवी लागते, आणि रंगकाम निघालं की त्या रद्दीच्या गोणीत जातात.

इमारतींबद्दल आता बऱ्यापैकी जाग आली आहे. फोर्टातलं केनेसेथ एलियाहू दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा उघडलं, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण वारसा यादीत दर्शनी भाग येतो, गॅलरी येते, रंगीत काच येते. कपाट येत नाही. आणि मोहल्ल्यातल्या सिनेगॉगचा खरा इतिहास त्या कपाटातच आहे. असं का म्हणतो ते सांगतो.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहनात बसायचं नाही आणि पुरी प्रार्थना म्हणायला दहा पुरुषांचं मिन्यान हवं. या दोन नियमांनी मुंबईच्या सिनेगॉगांचा नकाशा आखला. देऊळ चालत जाण्याच्या टप्प्यात हवं, म्हणून घरं सरकली की मागोमाग प्रार्थनालयही सरकलं. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच शमुवेल यहेज्केल, यांनी मांडवीत शाआर हारहामीम बांधलं. कंपनीच्या फौजेतले हे अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते. त्यांच्याच नावाचा सॅम्युएल स्ट्रीट. आपले लोक प्रार्थनास्थानाला तेव्हा मशीदच म्हणत. १८४० च्या दशकात जमातीत तट पडून जवळच शाआरे रासोन उभं राहिलं, तेव्हा पहिली झाली जुनी मशीद आणि दुसरी नवी मशीद. मस्जिद स्टेशनचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात.

मग इस्राएल मोहल्ल्याची दाटी वाढली. गिरण्या, रेल्वेचे कारखाने, पोस्ट, सरकारी कचेऱ्या अशा नोकऱ्यांपाठी कुटुंबं उत्तरेकडे पांगली. उमरखाडीत १८८८ मध्ये एट्झ हाएम. जेकब सर्कलला तिफेरेथ इस्राएल, आधी साधं प्रार्थनालय आणि नंतर इमारत. आग्रीपाड्याच्या मागेन हसीदीमचंही तेच, आजची वास्तू १९३१ ची. मग कुर्ला. ठाण्याचं शाआर हाशमाईम १८७९ चं. आणि या सगळ्यांच्या पाठीशी ज्या गावांतून माणसं आली तिथली देवळं : रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण.

भायखळ्याचं मागेन डेव्हिड (१८६४) आणि फोर्टातलं केनेसेथ एलियाहू (१८८४) बगदादी ज्यू असलेल्या ससून घराण्याच्या पैशांतून उभी राहिली. तिथे कोनशिला वाचली की बांधणारा कोण ते कळतं. मोहल्ल्यातल्या सिनेगॉगांना असा एक धनी नव्हता. ती वर्गणीवर, नेदाबांवर (देणग्यांवर), मिट्झवांच्या (प्रार्थनेतल्या मानांच्या) लिलावावर चालली. कुणी किती दिलं, कुणाची बाकी राहिली, हेखाल (तोरा ठेवायचं पवित्र कपाट) उघडायचा मान कुणी किती रुपये आण्यांना घेतला, हझानचा (प्रार्थना चालवणाऱ्याचा) पगार कधी थकला, शम्मासला (सिनेगॉगच्या सेवकाला) दिवेतेलासाठी काय मिळायचं, हे कुठल्याही शिळेवर कोरलेलं नाही. ते खतावणीत आहे, आणि खतावणी मराठीत आहे.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांच्या वर ज्यू होते. १९७१ मध्ये ते सहा हजारांच्या आतबाहेर उरले. जाणाऱ्या कुटुंबानं घरातला किद्दुशचा (शब्बाथच्या आशीर्वादाचा) पेला नेला, लग्नाची केतुबा (विवाहकरार) नेली. जमातीची वही कुणाच्या एकट्याच्या मालकीची नव्हती, म्हणून ती मागे राहिली. इस्राएलमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्राएलांच्या विवाहांबद्दल मुख्य रब्बींच्या कार्यालयानं आई-आजीच्या वंशाची चौकशी लावली आणि १९६४ पर्यंत लोकांना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरावं लागलं. आई कोण, आजी कोण, लग्न कुठल्या सिनेगॉगात लागलं, याचा समकालीन लेखी पुरावा तेव्हा असलाच तर याच वह्यांत होता. आजही बाहेरून कुणी नातू पणजोबांचा शोध घेत आला की आपण त्याला हेखाल दाखवतो, गॅलरी दाखवतो. त्याला हवी असते ती एक ओळ.

ती ओळ कशी असते ते बघा. लग्नाच्या नोंदवहीत एका आडव्या रांगेत साधारणपणे हिब्रू तारीख, इंग्रजी तारीख, वराचं नाव, त्याचा बाप, आडनाव, वधू, तिचा बाप, केतुबेची रक्कम, लग्न लावणारा हझान आणि दोन साक्षीदारांच्या सह्या येतात. आडनाव झिराडकर असेल तर कुटुंबाचं गाव झिराड, किहीमकर असेल तर किहीम, पेणकर असेल तर पेण. साक्षीदारांच्या सह्या हिब्रूत, मराठीत की अंगठा, यावरून शाळा कुठवर पोचली होती ते समजतं. हाईम शमुवेल किहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये इस्राएल शाळा काढली. तिचा परिणाम पुढच्या वीस वर्षांच्या सह्यांत मोजता येईल. हे काम अजून कुणीही निवांत बसून करू शकतं, वही शाबूत असली तर.

यादी करणाऱ्याला काही गोष्टी ठाऊक असायला हव्यात, नाहीतर ओळी वाचूनही माणसं हरवतात. जुन्या नोंदींत एकाच माणसाची दोन नावं येतात. बेन्यामीनचा बनाजी, अब्राहामचा आबाजी, शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, याकोबचा अकोबा, मोशेचा मुसाजी, दावीदचा दाऊदजी. मिलाच्या वहीत हिब्रू नाव आणि वर्गणीच्या पुस्तकात मराठी नाव, असं सर्रास असू शकतं. त्यामुळे यादीत नावाचे दोन रकाने ठेवा, एक जसं लिहिलं तसं आणि दुसरा मूळ हिब्रू नावाचा. पहिला रकाना कधीही सुधारू नका.

सणांचंही तसंच. हिशेबात 'रोश हाशाना' (नववर्ष) शोधाल तर सापडणार नाही, 'नव्याचा सण' सापडेल. 'दारफाळणीचा सण' म्हणजे योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास) आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा 'शिळा सण'. 'बिरड्याचा रोजा' म्हणजे तिशा बेआव (मंदिराच्या नाशाच्या शोकाचा उपास). ज्या वर्षापासून ही नावं जाऊन हिब्रू नावं लिहिली जाऊ लागतात, ते वर्ष प्रत्येक सिनेगॉगात वेगळं निघण्याची शक्यता आहे. कोचीचे ज्यू शिक्षक, बगदादी ज्यू शेजारी, मराठीतली छापील प्रार्थनापुस्तकं यांचा रेटा कुठल्या मोहल्ल्यात कधी पोचला, ते यातून दिसेल. आम्हाला विचाराल तर आपल्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचलेला भाग आहे.

तारखांत घोळ होतो तो एकाच ठिकाणी. हिब्रू सालात हजारांचा आकडा बहुतेकदा गाळलेला असतो. अक्षरांची बेरीज ६८५ आली तर साल ५६८५. त्यातून ३७६० वजा केले की १९२५ येतं. पण हिब्रू वर्ष तिश्री महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबरात) सुरू होतं, म्हणून तिश्री ते डिसेंबरअखेरची नोंद असेल तर ३७६१ वजा करायचे, म्हणजे १९२४. ही चूक झाली की बाप मेल्यानंतर वर्षानं त्याच्या सहीनं मुलाचं लग्न लागल्यासारखं दिसतं. पैशांचे रकाने रुपये, आणे, पै असे १९५७ पर्यंत चालतात. बेरीज करताना सोळा आण्यांचा रुपया हे नवीन पोरांना आधीच सांगून ठेवा. एकोणिसाव्या शतकातली चोपडी असेल आणि अक्षर लागत नसेल तर ती मोडी असण्याचा संभव आहे, तिला 'वाचता न येणारी' म्हणून बाजूला टाकू नका.

आता हाताळणी. मुंबईच्या हवेत पावसाळाभर दमटपणा असतो आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर बुरशी धरते. लोखंडी कपाट भिंतीला चिकटून असेल तर भिंतीची ओल पत्र्याच्या आत घामासारखी उतरते. म्हणून कपाट भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ओढा, खालची फळी जमिनीपासून किमान पंधरा सेंटिमीटर वर घ्या, आणि तळमजल्यावर असाल तर वह्या वरच्या मजल्यावर हलवा. हे काही वाढीव काळजीचं बोलणं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पुरात पनवेलच्या बेथ एलमध्ये पाणी शिरलं आणि सेफर तोरांनाही लागलं.

वही भिजलीच तर उन्हात टाकू नका. पानं वेडीवाकडी आकसतात आणि एकमेकांना चिकटतात. कॉपिंग पेन्सिलनं लिहिलेलं पाणी लागताच जांभळं होऊन पसरतं, तिथे टिपकागद नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. बुरशी दोन दिवसांत धरते. तेवढ्या वेळात सुकवणं जमणार नसेल तर वही बटर पेपरमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. त्यानं वही दुरुस्त होत नाही, पण बिघडायचं थांबतं, आणि जाणकार माणूस शोधायला सवड मिळते. हा उपाय फक्त कागदासाठी. सेफर तोराचं चामडं फ्रीझरमध्ये घालायचं नाही आणि त्याला उष्णताही दाखवायची नाही.

कोरड्या वह्यांचं नुकसान बहुतेक वेळा प्रेमापोटी होतं. फाटलेल्या पानाला कुणी सेलोटेप लावतं, दहा-पंधरा वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन अक्षरांत उतरतो आणि टेप गळून पडते. कुणी पानं लॅमिनेट करून घेतं, ती पुन्हा कधीच सुटी होत नाहीत. कुणी बाइंडरकडे देतं आणि तो कडा सारख्या करायला पातं फिरवतो, त्यात समासातल्या नोंदी जातात. मयताची तारीख जन्माच्या नोंदीशेजारी समासातच लिहिलेली असते. यातलं काहीही करू नका. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडा, स्टेपल आणि टाचण्या गंजल्या असतील तर सावकाश काढा, आम्लरहित कागदात गुंडाळा, पांढऱ्या सुती फितीनं बांधा. रबरबँड नको, उकाड्यात वितळून चिकटतो.

फोटो काढायला मोठं यंत्र लागत नाही. फुलस्केप पान साडेतेरा बाय साडेआठ इंचांचं. इंचाला ३०० ठिपके धरले तर ४०५० बाय २५५०, म्हणजे सुमारे एक कोटी ठिपके. बारा मेगापिक्सेलचा फोन एका वेळी एकच पान घेतलं तर पुरतो, दोन पानं एकत्र घेतली की पुरत नाही. फोन स्टँडवर, पानाला समांतर. दोन दिवे दोन बाजूंनी पंचेचाळीस अंशांत, फ्लॅश बंद, शेजारी सेंटिमीटरची पट्टी. एकानं पान उलटायचं, दुसऱ्यानं बटण दाबायचं. कोरं पानही घ्यायचं, नाहीतर पुढे कुणाला वाटेल की पान गायब आहे. वही पाठीवर सपाट दाबू नका, शिवण तुटते, दोन्ही बाजूंना घड्या घातलेले टॉवेल ठेवून ती अर्धवट उघडी धरा. फाइलला नाव देताना सिनेगॉग, वहीचा प्रकार, साल, पानाचा आकडा हा क्रम शेवटपर्यंत मोडू नका. तीन प्रती करा : एक सिनेगॉगात, एक दुसऱ्या उपनगरातल्या विश्वस्ताकडे, एक त्रयस्थ संस्थेत. काम शब्बाथला आणि सणाला नाही, हे आपल्याला सांगायला नको, पण मदतीला बाहेरचे विद्यार्थी येतील त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

आणखी एक धोका आपल्याच धर्मनियमातून येतो, आणि त्याबद्दल आम्हाला फार काळजी वाटते. देवाचं नाव असलेला जीर्ण मजकूर फेकायचा नाही, तो शेमोत म्हणून बाजूला ठेवायचा आणि दफन करायचा. नियम सुंदर आहे. पण साफसफाईच्या घाईत हिब्रू अक्षर दिसलं की सगळं एकाच पेटीत पडतं. फाटकी प्रार्थनापुस्तकं, त्यांच्याखाली केतुबांच्या स्थळप्रती, त्यांच्याखाली मयताची वही. पेटी दफनभूमीत गेली की संपलं. दफनाआधी दोन माणसांनी, त्यातला एक हिब्रू आणि एक मराठी वाचणारा, प्रत्येक कागद हातात घेऊन वेगळा करावा. छापील पुस्तकांतही पहिलं पान बघा. कुणी, कुणाच्या आठवणीत, कुठल्या वर्षी पुस्तक दिलं हे तिथेच लिहिलेलं असतं, आणि जुनी मराठी हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) निघाली तर ती शेमोतमध्ये जाता कामा नये. मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह हग्गादा १८४६ मध्येच निघाली होती.

सेफर तोराबद्दल थोडक्यात. लाकडी टिकमध्ये (पेटीत) उभी ठेवलेली गुंडाळी सैल असेल तर स्वतःच्या वजनानं खाली बसते आणि खालची कड घासते. फार घट्ट असेल तर शाई तडकून सोलते. ३,०४,८०५ अक्षरांतलं एक गेलं तरी ती वाचनाला पासूल (अपात्र) ठरते. वर्षातून निदान एकदा संपूर्ण गुंडाळी तेबावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) पुढे नेऊन बघा. कुठल्या परशात (साप्ताहिक पाठात) अक्षर उडालं ते वहीत लिहा, म्हणजे सोफेर (तोरा लिहिणारा लेखनिक) येईल तेव्हा त्याचा वेळ शोधण्यात जाणार नाही. डांबराच्या गोळ्या टिकमध्ये टाकू नका.

दगडही वहीच आहेत. कबरींवर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींत वेगळी माहिती असते. हिब्रूत बापाचं नाव, मराठीत गाव किंवा हुद्दा. फोटो सकाळच्या तिरक्या उन्हात काढा, खोबणीत सावली पडते आणि झिजलेलं अक्षर उठून दिसतं. ॲसिड, तारेचा ब्रश, चुन्याचा हात, तिन्ही वर्ज्य.

विश्वस्त म्हणून आपल्या कामाचा भागही सांगायला हवा, कारण 'इतिहास नंतर बघू, आधी इमारत' असं म्हणणं सोपं असतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ नुसार विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायला किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तिथे विचारलं जातं की जागा कुणाकडून, कशासाठी आली, व्यवहार संस्थेच्या हिताचा आहे का. देणगीदारानं घातलेली अट जुन्या इतिवृत्तात असते. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली बदल अर्ज करावा लागतो आणि सभासद कोण, मतदान कुणाचं, हा वाद आला की वर्गणीचं पुस्तकच उघडावं लागतं. पुनर्विकासाची बोलणी सुरू होण्याआधी दफ्तर लावलेलं असेल तर तुमची बाजू कागदावर असते. नंतर शोधाल तर समोरच्याचा वकील आधी पोचलेला असतो.

मूळ वह्या कुठे राहाव्यात? जमात आहे तोवर जमातीतच, हे आमचं ठाम मत आहे. सिनेगॉग बंदच करावं लागलं तर वह्या मुंबईतल्या एखाद्या अभिलेखागारात लेखी करारानं ठेवाव्यात, परत मागायचा हक्क राखून. जेरुसलेमला चांगल्या प्रती जाव्यात, मूळ नाही. कारण या वह्या वाचायला हिब्रूइतकीच मराठी लागते, मोडी लागते, अष्टमी हे गाव कुठे आणि नवगाव कुठे ते ठाऊक असावं लागतं. इस्राएलमधल्या लोद, दिमोना, अश्दोद, बेर शेवा इथल्या ज्येष्ठ मंडळींना मात्र अवश्य सामील करा. एखाद्या पानाचा फोटो पाठवला तर 'ही आमच्या आजीची बहीण' असं सांगणारं माणूस तिथे अजून भेटेल, आणखी दहा वर्षांनी भेटेलच असं नाही.

सगळं सगळ्यांना खुलं करू नका. सभांच्या इतिवृत्तांत घटस्फोट आहेत, दंड आहेत, कुणाला जमातीबाहेर ठेवलं ते आहे. शंभर वर्षांपूर्वीचं अभ्यासकांना द्या, अलीकडचं फक्त त्या कुटुंबाला, लेखी अर्जावर. हा नियम मंडळाच्या सभेत ठराव करून इतिवृत्तात लिहा.

सुरुवात कुठून करायची याबद्दल मंडळांत मतभेद होतात, सर्वांत जुनी वही आधी घ्यावी असं प्रत्येकाला वाटतं. तसं करू नका. सर्वांत खालच्या फळीवर, भिंतीच्या बाजूला, जी वही आहे ती आधी घ्या. पहिल्या दिवशी फक्त मोजा : प्रत्येक वहीला पेन्सिलनं आकडा, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला. वहीचा प्रकार, पहिली तारीख, शेवटची तारीख, लिपी, पानं किती, वाळवी आहे की नाही. दोन माणसं, एक रविवार, एक साधी दोनशेपानी वही. ती भरलेली वही त्याच कपाटात ठेवू नका.

आपले,
बेने इस्राएल दफ्तरांचे वाचक आणि अभ्यासक